सातवी काचपट्टी

भिंत हलते आहे की नाही हे ओळखायला पालिकेच्या धोकादायक इमारत विभागाकडे एकच उपकरण आहे, आणि ते वीतभर लांब, दोन बोटं रुंद काचेचं असतं. भेगेवर ते आडवं धरायचं, दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यांत बसवायची, वर तारीख टाकायची आणि चहाला जायचं. भिंत गप्प राहिली तर काच गप्प राहते. भिंत केसभर सरकली की काच तडकते. काचेला थोडं इकडे, थोडं तिकडे करून घेता येत नाही. त्या बाबतीत ती विभागात एकटीच.

पाहणीसाहेब या विभागात एकोणीस वर्षं होते. त्यांना वेगळं नाव असणार, पण लोक पाहणीसाहेबच म्हणत. हातात टॉर्च, खिशात ओळंबा, आणि गिलाव्यावर ठोकून पाहायला एक लहानशी हातोडी. डॉक्टर छातीवर बोटं वाजवतात तशी ते भिंत वाजवत आणि डॉक्टरांसारखेच काही न बोलता पुढे जात. ज्या घरी जातील तिथे त्यांना चहा मिळे. बसा मात्र कोणी म्हणत नसे. बसलेला माणूस लिहायला लागतो.

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या दुमजली इमारतीत सहा बिऱ्हाडं होती. तळमजल्यावर काचेचं दुकान, त्यामागून जिना. पहिल्या मजल्यावर निवृत्त गणिताचे मास्तर आणि आणखी दोन कुटुंबं, दुसऱ्यावर खुद्द काचवाले, त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, आणि पुन्हा दोन कुटुंबं. भेग दुकानाच्या मागच्या भिंतीत जमिनीपासून सुरू व्हायची आणि कोणालाही न विचारता दोन मजले वर जायची.

"ही भेग माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे, साहेब," काचवाले म्हणाले.

"तेव्हा दाखवली असती तर मी विचार केला असता," जिन्यातून काकूंचा आवाज आला.

पाहणीसाहेबांनी भेगेत मोजपट्टीची कड घालून पाहिली, भिंत वाजवली, आणि सोबतच्या गवंड्याला मान हलवून खूण केली. गवंड्याने पिशवीतून काचपट्टी काढली. पालिकेच्या काचपट्ट्या जुन्या तावदानांतून कशातरी तोडलेल्या असत, त्यामुळे ती लावताना गवंड्याचं बोट नेहमीप्रमाणे कापलं आणि त्याने ते नेहमीप्रमाणे तोंडात घातलं. काचवाल्यांनी हे सगळं पाहिलं. पंगतीत कोणी डाव्या हाताने वाढावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"ही काच फुटली," पाहणीसाहेब तारीख टाकता टाकता म्हणाले, "तर इमारत खाली करावी लागेल. सगळ्यांना तात्पुरती खोली मिळेल."

"आणि दुकानाला?"

"दुकानाचं नियमात नाही. पर्यायी जागा राहत्या घरांना. दुकान काही राहत नाही."

"मी राहतो की दुकानात. सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत."

"तो वापर झाला. राहणं वेगळं."

काचवाले एकसष्ट वर्षांचे होते. दुकान वडिलांचं. काच कापायचं जाड कापड चढवलेलं टेबलही वडिलांचं, आणि त्याला दुसरीकडे न्यायला दुसरीकडे काही असावं लागतं. "दुकान गेलं तर मी करू काय, साहेब?" ते म्हणाले. "दिवसभर हिच्यासमोर बसू?"

"मलाही ते झेपणार नाही," काकू म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांचं एवढं एकमत क्वचितच झालं असेल.

पाहणीसाहेबांनी तारखेच्या आकड्यात एक चूक केली, ती गिरवून दुरुस्त केली आणि ते निघून गेले.

काचपट्टी अठराव्या दिवशी फुटली.

काचवाल्यांनी सकाळी शटर वर केलं तर पट्टीच्या मधोमध तिरकी रेघ. त्यांच्या मनात आलेला पहिला विचार इमारतीचा नव्हता. पहिला विचार असा होता, की काचेच्या दुकानात समोरच दिसणाऱ्या भिंतीवर फुटकी काच लावलेली आहे आणि आता गिऱ्हाईक येईल. न्हाव्याच्या डोक्यात उवा सापडाव्यात तशी गोष्ट. दुसरा विचार इमारतीचा होता, पण तोवर त्यांच्या हातात हिरकणी, म्हणजे काच कापायची हिऱ्याच्या टोकाची लेखणी, आली होती.

तीन मिलीची काच त्यांनी तंतोतंत मापाने कापली. कडा घासून गुळगुळीत केल्या, कारण कड न घासता काच द्यायची नाही हा वडिलांचा दंडक होता. ही काच कोणाला द्यायची नव्हती, पण दंडक तो दंडक. प्लास्टर कालवलं. साहेबांची तारीख साहेबांच्याच अक्षरात उतरवली. साहेबांनी एक आकडा आधी चुकवून मग गिरवला होता, तोही आधी चुकवला, मग गिरवला. फुटक्या पट्टीच्या पाठीवर, ती किती दिवस टिकली ते लिहून तिचे तुकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. का ठेवले ते त्यांना सांगता आलं नसतं. काचवाला तुकडा टाकत नाही, एवढंच.

काकू जिन्यात उभ्या होत्या.

"काय चाललंय?"

"काच बदलतोय."

"पालिकेची?"

"फुटली होती."

"मग साहेबांना नको सांगायला?"

"काय सांगू? फुटली होती, बसवली, आता शाबूत आहे. शाबूत काचेची तक्रार करायला कोणी जातं का?"

काकूंनी या माणसाशी वाद घालणं तरुणपणीच सोडून दिलं होतं. त्या वर गेल्या आणि त्यांनी मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. दार चौकटीला घासलं. हल्ली ते घासायचं. काचवाल्यांनी त्याला दोनदा रंधा मारला होता.

पहिल्या महिन्याच्या पाहणीत साहेबांनी टॉर्च मारून लिहिलं, "काच शाबूत." दुसऱ्या महिन्यात, "काच शाबूत." तिसऱ्या महिन्यात, "वरीलप्रमाणे." प्रत्येक वेळी खाली त्यांची सही, आणि त्याखाली, इमारत न पाहता, मोठ्या साहेबांची. मास्तरांनी दर वेळी अर्ज करून नोंदीची नक्कल मिळवली आणि ती आपल्या फाईलला लावली. मास्तरांचं म्हणणं असं होतं की इमारती पडत नाहीत, पाडल्या जातात, आणि त्याची सुरुवात काच लावण्यापासून होते.

चौथ्या पाहणीला पाहणीसाहेब आले ते फाईल बंद करायलाच. एवढी गुणी भेग त्यांनी पाहिली नव्हती. "किरकोळ दुरुस्ती" या सगळ्यात खालच्या वर्गात इमारत टाकायचा शेरा त्यांनी मनात तयारही केला होता. त्या दिवशी गवंडीही बरोबर होता, कारण तिथून त्यांना दुसऱ्या एका इमारतीत काच लावायला जायचं होतं.

साहेब लिहीत होते. गवंड्याला काही काम नव्हतं, म्हणून त्याने आपलं जुनं काम पाहावं तसं पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग बोटाकडे पाहिलं. मग पुन्हा फिरवलं.

"साहेब, ही आपली काच नाही."

"कशावरून?"

"बोट कापलं नाही."

साहेबांनी टॉर्च जवळ धरला. कड आरशासारखी होती. प्लास्टरचे गोळे शिंप्याने बटण लावावं तसे नेटके बसले होते. तारीख त्यांच्याच अक्षरात होती, पण चौकशीला बसल्यासारखी अगदी सरळ ओळीत. साहेबांना आयुष्यात इतक्या सरळ ओळीत लिहिता आलेलं नव्हतं.

"एवढं चांगलं काम आपलं नसतं," गवंडी म्हणाला. त्याच्या आवाजात मत्सर नव्हता, नुसती माहिती होती.

"कितवी?" साहेबांनी विचारलं.

"कितवी काय?" काचवाले म्हणाले. "साहेब, चहा घ्या आधी."

"काचपट्टी कितवी?"

"सहावी."

"सातवी," जिन्यातून काकू.

"अगं, पहिली पालिकेची. ती मी कशाला मोजू?"

"परवा लावलीत ती धरून म्हणतेय मी."

"ती धरूनच सहा!"

पाहणीसाहेब दुकानातल्या स्टुलावर बसले. एकोणीस वर्षांत ते कोणाच्या इमारतीत बसले नव्हते. काकूंना ते बरोबर कळलं. त्या चार पायऱ्या खाली आल्या.

"तुम्हीच म्हणाला होतात," काचवाले म्हणाले, "काच फुटली तर दुकान जाईल. म्हणून मी फुटू दिली नाही."

"काका, काच फुटल्यामुळे इमारत पडत नसते."

"ते मला कळतं हो. मी काय खुळा आहे? पण नियम तुमचा काचेचा होता. इमारतीचं माझ्या हातात काय होतं? काच होती."

साहेबांनी मोठ्या साहेबांना फोन लावला. दुकान लहान, मोठ्या साहेबांचा आवाज मोठा. त्यामुळे फोन सगळ्यांनीच ऐकला.

"शाबूत किती वेळा लिहिलंय?"

"तीन वेळा."

"सही कोणाची?"

"माझी."

"आणि?"

"खाली तुमची."

फोनमध्ये खुर्ची करकरली. "मग इमारत शाबूतच आहे. उगाच काय? हे बघा, आज पालिकेची नवी काच लावा. रीतसर. ती फुटली की रीतसर पंचनामा करा, रीतसर नोटीस काढा. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"साहेब, दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे म्हणून फोन केला."

"आणि पुरावा काय? उद्या तो माणूस म्हणाला मी काही बदललं नाही, तर? तुमच्या तीन सह्या आहेत, त्याचा एकही कागद नाही. लेखी द्या म्हणावं त्याला आधी." फोन बंद झाला.

इतक्यात मास्तर फाईल घेऊन खाली आले. वरच्या मजल्यावर माणूस शिंकला तरी मास्तरांना कळायचं, आणि हा फोन तर रस्त्यापलीकडच्यांनीही ऐकला असता.

"काचवाले, तोंड उघडू नका," मास्तर म्हणाले. "काही लिहून देऊ नका. यांच्याच सहीने तीन वेळा शाबूत आहे. नकला आहेत माझ्याकडे. आपण कोर्टात गेलो तर दहा वर्षं कोणी हात लावणार नाही."

"मास्तर, भिंत कोर्टात जात नाही," पाहणीसाहेब म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुमची शाबूत आहे नोंद." मास्तर काचवाल्यांकडे वळले. "तुमचं दुकान जाईल, कळतंय का? आम्हाला खोल्या तरी मिळतील. तुम्हाला टेबल ठेवायला फूटभर जागा मिळणार नाही. विचारा यांना."

काचवाल्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांना खोटं बोलता आलं असतं. प्रयत्न करतो, वरती बोलतो, बघू काही करता येतं का, अशी वाक्यं विभागात तयारच असतात.

"नाही मिळणार," साहेब म्हणाले. "आणि लेखी दिलंत तर पालिकेच्या वस्तूत फेरफार केल्याचा ठपकाही येईल. नाही दिलंत तर माझ्याजवळ काही नाही. मोठे साहेब म्हणतात ते खरं आहे."

काचवाल्यांनी टेबलावरच्या कापडावर हात फिरवला, जसा ते काच ठेवण्याआधी फिरवत. खाली एक खडा राहिला तरी पूर्ण तक्ता जातो. मग ते मागे गेले आणि बिस्किटांचा डबा घेऊन आले. तो त्यांनी साहेबांना दिला नाही. मास्तरांसमोर ठेवला.

"मास्तर, तुम्ही गणिताचे. गणित करा."

"काय आहे हे?"

"पाठीवर दिवस लिहिलेत. लावल्यापासून फुटेपर्यंत."

मास्तरांना कोणी गणित घातलं की ते कोर्टही विसरत. त्यांनी चष्मा वर ढकलला आणि तुकडे कापडावर ओळीने मांडले. "अठरा. एकतीस. चोवीस. सतरा. अकरा. सात." भुवई वर गेली. "ही पहिली अठराची बसत नाही क्रमात."

"ती आपली होती," गवंडी म्हणाला. "कच्ची."

"मग ती सोडा. एकतीस, चोवीस, सतरा..." मास्तरांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. "हा जाड का आहे?"

"शेवटचे दोन पाच मिलीचे," काचवाले म्हणाले. "म्हटलं जरा दम धरतील. अकरा दिवस धरला. मग सात."

मास्तरांनी तुकडा परत ओळीत ठेवला. वर्गात उत्तर येत असूनही फळ्याकडे जाऊ न इच्छिणाऱ्या मुलाचा चेहरा त्यांनी आयुष्यभर पाहिला होता. तो आता त्यांच्यावरच आला होता.

"पुढचा आकडा किती, मास्तर?" काकूंनी विचारलं.

"चार," मास्तर म्हणाले. "पाच धरू."

"परवा लावलीये," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी फाईल काखेत धरली आणि ते जिन्याकडे गेले. तिसऱ्या पायरीवर थांबून म्हणाले, "माझा आक्षेप कायम आहे." आणि मग, हळू, जणू पायऱ्यांनाच ऐकू जाऊ नये म्हणून, "पुस्तकं आधी काढावीत की भांडी?"

"माणसं," काकू म्हणाल्या.

काचवाले साहेबांकडे वळले. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता, गिऱ्हाईकाला माप विचारावं तसा. "पाच मिलीची काच सात दिवसांत उगाच फुटत नाही. मला ते तेव्हाच कळलं होतं. दार का घासतं तेही कळत होतं. पण एखादी गोष्ट कळलेली असली तरी रोज सकाळी शटर तर उघडावं लागतं ना. काढा कागद."

साहेबांनी कागद काढला. काचवाल्यांनी सांगितलं, साहेबांनी लिहिलं. काचवाल्यांची एकच अट होती, की "फेरफार" या शब्दाच्या जागी "दुरुस्ती" असावं, कारण त्यांनी कधी कोणत्याही काचेत फेरफार केला नव्हता. साहेबांनी "दुरुस्ती" लिहिलं. काचवाल्यांनी सही केली, काकूंनी साक्षीदार म्हणून केली, आणि ती करताना "इथे तरी मोजणी बरोबर घाला, सातवी" असं बजावलं.

मग साहेबांनी इमारतीची फाईल उघडली आणि आपल्या तीन शेऱ्यांच्या खाली चौथा लिहिला: "काच शाबूत होती. इमारत नव्हती. मी काच पाहिली. इमारत आत्ता, या क्षणापासून खाली करावी." सही केली. खाली मोठ्या साहेबांच्या सहीची जागा मोकळी होती. ती त्यांनी मोकळीच राहू दिली.

संध्याकाळ व्हायच्या आत सहाही बिऱ्हाडं बाहेर पडली. आरडाओरडा फारसा झाला नाही. मास्तर खाली उतरून हमालांना पुस्तकांच्या गठ्ठ्यांचे नंबर सांगायला लागले तेव्हाच बाकीच्यांनी कपाटं उघडली होती. मास्तर जातात म्हणजे खरंच काहीतरी आहे. पहिल्या मजल्यावरच्या एका सूनबाईने सासूबाईंना उचलून खाली आणलं आणि सासूबाई वाटेत तिला सांगत राहिल्या, की खाली ठेव, मी अजून चालते, तूच थकलीस. दुकानातलं टेबल आणि काचेचे तक्ते हातगाड्यांवर गेले. काचवाल्यांनी शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि किल्ली कोणाला द्यायची हे न कळून ती खिशात टाकली. गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोर बांधले गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास इमारतीची मागची बाजू खाली बसली. पडली असं म्हणता येणार नाही. दमलेला माणूस भिंतीला टेकून बसतो तशी बसली, आणि मग तिच्या मांडीत पुढची बाजू आली. धूळ तासभर उडाली. आत कोणी नव्हतं.

वर्तमानपत्रात अर्धा रकाना आला. त्यात अधिकाऱ्यांच्या दक्षतेचं कौतुक होतं आणि मोठ्या साहेबांचा फोटो. पाहणीसाहेबांना दोन मेमो आले. पहिल्यात विचारलं होतं की इमारत इतक्या उशिरा का खाली केली. दुसऱ्यात विचारलं होतं की नोटिशीची मुदत न पाळता इतक्या घाईने का खाली केली. दोन्हींची उत्तरं एकाच दिवशी द्यायची होती. साहेबांनी दोन्हींना एकच उत्तर लावलं, आणि ते दोन्हीकडे चालेना म्हणून चौकशी पुढे ढकलली गेली.

पंधरवड्याने साहेब ताबापत्रांवर सह्या घ्यायला तात्पुरत्या निवासाच्या इमारतीत गेले. पालिकेनेच बांधलेली ही इमारत चार मजली होती आणि तात्पुरती होऊन बावीस वर्षं झाली होती. काचवाल्यांना चौथ्या मजल्यावरची खोली मिळाली होती.

काकूंनी दार उघडलं. "या. बसा," त्या म्हणाल्या, आणि साहेब क्षणभर दारातच अडखळले, इतक्या वर्षांनी हा शब्द ऐकून नक्की काय करायचं ते आठवेना. "पहिला आठवडाभर हे गॅलरीत बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालीला नावं ठेवली. मी म्हटलं, अहो, दुकानात निदान गिऱ्हाईकापुरतं तोंड बंद असायचं. तेव्हापासून खाली असतात. भेटतील, पण बोलतील असं नाही."

साहेब खाली गेले. तळाशी जिन्याच्या पोकळीत ते टेबल होतं, कापडासकट. मागे भिंतीला टेकून तक्ते उभे होते. काचवाले वाकून एक तावदान कापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ताबापत्रावर सही हवी होती," साहेब म्हणाले.

काचवाल्यांनी सही केली. परत वाकले.

"हे दुकान आहे का?"

"नाही."

"मग काय आहे?"

"या इमारतीला एकशे आठ खिडक्या आहेत. पंचवीसांना काच आहे. बाकीच्यांना पुठ्ठे, पत्रे आणि एकीला जुनी पाटी. मी आमच्या खिडकीला काच बसवली. मग शेजारीण म्हणाली आमच्याही बसवा. मग तिची नणंद. तुम्ही सांगा, हे राहणं झालं की वापर झाला?"

साहेबांनी जिन्याची पोकळी पाहिली. मनाविरुद्ध त्यांचा हात टेबलाची रुंदी मोजत गेला. "जिन्याखाली हे ठेवता येणार नाही, काका. आग लागली, धावपळ झाली, तर माणसं इथूनच उतरणार. हे मला लिहावंच लागेल."

काचवाल्यांनी हिरकणी खाली ठेवली. ते रागावतील असं साहेबांना वाटलं. पण काचवाल्यांनी जिन्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, वरून कोणी धावत येत असल्यासारखं पुन्हा जिन्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मग कुठे ठेवू?"

हा प्रश्न नियमात नव्हता. साहेब आवारात गेले, काचवाले मागोमाग. फाटकाजवळ एक बैठी खोली होती, पक्क्या भिंतींची, उत्तरेकडे मोठी खिडकी. दारावर लिहिलं होतं: पंप. आत पंप नव्हता. पंपासाठी बांधलेला चौथरा होता आणि त्यावर एक मांजर झोपलं होतं.

"पंप कुठे आहे?" साहेबांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"मंजूर आहे," पहारेकरी म्हणाला.

"कधीपासून?"

"मी लागलो तेव्हा मंजूरच होता. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय."

साहेबांनी भिंत वाजवली, छताला टॉर्च मारला, दार दोनदा उघडून लावलं. दार कुठे घासलं नाही. मग त्यांनी आपली वही काढून उभ्या उभ्याच लिहिलं: "पंपखोली सुस्थितीत. पंप येईपर्यंत इमारतीच्या खिडक्यांच्या दुरुस्तीचं साहित्य येथे ठेवण्यास हरकत नाही."

काचवाल्यांनी ते वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. "आणि पंप आला तर?"

"मग खोली खाली करावी लागेल."

"पंप मंजूर आहे ना?"

"मंजूर आहे."

"मग माझी हयात निघेल," काचवाले म्हणाले, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

वरून, चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून, काकूंनी ओरडून विचारलं, "अहो, काय म्हणतात साहेब? वर येताय का कायमचे?"

"नाही!" काचवाले ओरडले.

"देव पावला!" काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

काचवाले जिन्यापाशी परतले. टेबलावरचं तावदान त्यांनी अलगद उचलून भिंतीला टेकवलं, कापड झटकलं आणि टेबलाच्या एका टोकाला उभे राहिले. साहेब वही खिशात घालत होते.

"धरा तिकडून," काचवाले म्हणाले. "आणि साहेबासारखं नका धरू. नीट धरा."